दप्तर शोधावे कसे?

चाकणच्या किल्ल्याचा इतिहास लिहायला बसलेल्या माणसाने जुन्या कागदांत 'चाकण' एवढा एकच शब्द शोधायचे ठरवले, तर मोगलांच्या बाजूची बरीच हकीकत त्याच्या हातून निसटेल. १६६० साली शाएस्तेखानाने या भुईकोटाला वेढा घातला आणि फिरंगोजी नरसाळ्याने मूठभर माणसांनिशी तो सुमारे दोन महिने झुंजवला, ही कथा शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. पुढची गोष्ट मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. किल्ला हाती येताच मोगलांनी गावाचे नाव बदलून 'इस्लामाबाद' ठेवले. ते नाव लोकांच्या तोंडी रुळले नाही, भाजी विकायला येणाऱ्या बाईने ते कधी उच्चारले असेल असे वाटत नाही. परंतु फारशी कागदांत ते जाऊन बसले. म्हणजे गाव एक, किल्ला एक, आणि दप्तरात त्याच्या नावाचे दोन कप्पे! ज्याला दुसरे नाव ठाऊक नाही, त्याच्यापुरता दुसरा कप्पा जळून गेल्यासारखाच आहे.

कागद जपणे आणि कागद सापडणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. जपण्याच्या कामी आपण मराठी माणसे वाटतो तितके आळशी नव्हतो. पुण्याच्या पेशवे दप्तरात आजमितीस तीस हजारांहून अधिक रुमाल आहेत, आणि त्यांतल्या कागदांची मोजणी कोटींत करतात. रुमाल म्हणजे खिशातला नव्हे. चौकोनी कापड पसरायचे, कागदांची गड्डी मधोमध ठेवायची, चारी टोके ओढून गाठ मारायची. पण त्या गाठीवर आत काय आहे याची चिठ्ठी असेलच असे नाही. आणि असली, तरी ती कचेरीच्या सोयीने लावलेली असते. हा हिशेब अमुक प्रांताचा, हा रोजकीर्दीचा, हा इनामाचा. पानिपतावरून कोणी काय लिहिले, कोणाच्या घरी लग्न निघाले, कोणत्या साली पाऊस पडला नाही, असे प्रश्न त्या कारकुनाला कोणी विचारलेच नव्हते. मग त्याने त्यांची सोय का म्हणून करावी?

इंग्रजी अमदानीत हे दप्तर कितीतरी वर्षे अभ्यासकांना जवळजवळ बंदच होते. राजवाडे, खरे यांच्यासारखी माणसे वाड्यावाड्यांतून, माळ्यांवरून आणि भिंतींतल्या कोनाड्यांतून कागद गोळा करीत फिरली, याचे एक कारण तेच. अखेर रियासतकार गोविंदराव सरदेसाई यांच्याकडे हे काम आले. बडोद्याची नोकरी संपवून त्यांनी कामशेतला घर केले होते. चिंचवड, तळेगाव ओलांडून लोणावळ्याकडे जाणारी गाडी तिथे थांबते. १९३० ते १९३४ या अवघ्या चार-पाच वर्षांत त्यांनी निवडक कागदांचे ४५ खंड छापून बाहेर काढले. वय साठीच्या पुढचे! आजचा एखादा विभाग एवढ्या वेळात कपाटांची निविदा काढतो.

हे काम नुसते वाचण्याचे नव्हते. मोडी लिपीत शब्दांमध्ये जागा सोडायची रीत नाही. ओळ सुरू झाली की लेखणी धावत सुटते. म्हणजे शब्द शोधायचा, तर आधी शब्द कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हेच ठरवायला हवे. शिवाय पुष्कळ खाजगी पत्रांवर चंद्र आणि महिना असतो, साल नसते. लिहिणाऱ्याला ते ठाऊक होते, वाचणाऱ्यालाही ठाऊक होते. दोनशे वर्षांनी कोणी तिसराच वाचील हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. मग पत्रात आलेल्या एखाद्या मृत्यूवरून, एखाद्या छावणीच्या मुक्कामावरून साल बसवायचे. 'आपले पत्र पावले' असे लिहिलेले असेल, तर ते कोणते पत्र हे दुसऱ्या रुमालातून हुडकायचे. हा सारा शोध माणसाच्या डोक्यात चालत असे. त्या माणसाचे डोके हीच दप्तराची सूची होती, आणि माणूस गेला की सूचीही जात असे.

आता या रुमालांवरून मी पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांकडे वळतो, ते वाचकांना उडी वाटेल. पण ती फार लांबची नाही. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली, आणि पाठोपाठ आकुर्डी, चिंचवड, भोसरी या शिवारांतून भोंगे वाजू लागले. त्या पिढीतल्या प्रत्येक कचेरीत एक टेबल असे आणि त्या टेबलावर आवक-जावक बारनिशी असे. आलेल्या प्रत्येक कागदाला क्रमांक, तारीख, कोणाकडून, कशाबद्दल, कोणाच्या फाईलला लावला, असे रकाने. बारनिशीचा कारकून हा कचेरीतला सर्वांत दुर्लक्षिलेला प्राणी. साहेब त्याच्याकडे बघत नसे, शिपाई त्याची थट्टा करी. पण वीस वर्षांपूर्वीचे पत्र पाहिजे झाले, की साहेब त्याच्याच टेबलापाशी उभा राहायचा.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, आरंभी मुंबईसह मोठ्या महानगरांत. थोड्याच वर्षांत ई-पत्र, म्हणजे ज्याला आपण सरसकट मेल म्हणतो ते, प्रत्येक टेबलावर आले आणि बारनिशी बंद पडली. ज्याच्या त्याच्या पेटीत पत्र थेट येऊ लागल्यावर क्रमांक कोण घालणार? चाकणला मोटारींचे मोठमोठे कारखाने उभे राहिले ते याच काळात. म्हणजे चाकणच्या कारखानदारीने कागदी टपालाचे भरदिवस पाहिलेलेच नाहीत. गिअरचे दात किती सुतांनी चुकले, कोणत्या लहान पुरवठादाराचा माल परत गेला, कामगारांच्या बस कोणत्या फाट्यावर थांबाव्यात, कोणी कोणाला रात्री साडेअकराला रागाने उत्तर लिहिले, हा सगळा मजकूर त्या पत्रांत आहे. पट्ट्याचा खरा इतिहास उद्घाटनाच्या शिळेवर नसतो, तो इथे असतो. आणि त्याला रुमालसुद्धा नाही.

मौज अशी, की या नव्या पत्रांना जुन्यांची दुखणी नाहीत. प्रत्येक पत्राच्या माथ्यावर पाठवणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव आणि सेकंदापर्यंत वेळ. प्रत्येकाला स्वतःचा एक क्रमांक, आणि ते उत्तरादाखल असेल तर मूळ पत्राचाही क्रमांक. 'आपले पत्र पावले' म्हणजे कोणते, हे हुडकायला नको. सरदेसायांना हे मिळते तर! अडचण आहे ती केवळ संख्येची. एका मध्यम हुद्द्याच्या माणसाच्या वीस वर्षांच्या पेटीत लाखभर पत्रे सहज निघतात. ती वाचायला दुसरा जन्म पाहिजे.

वाचल्यावाचून शोधण्याची पहिली तोड १९७३ च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत निघाली, आणि तीही एका इतिहासाच्या प्रश्नातून. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या बाजूने अठराव्या शतकात लिहिलेले काही निनावी लेख आहेत. त्यांतले कोणते कोणी लिहिले हे शब्दांच्या सवयीवरून ठरवावे, असे तिथल्या ली मॅकमाहन यांच्या मनात होते. पण यंत्रातली मजकूर सुधारण्याची सामग्री एवढे लेख एका वेळी पोटात घेऊ शकेना. तेव्हा केन थॉम्प्सन यांनी तिच्यातला केवळ शोधण्याचा भाग सुटा काढून दिला. त्याचे नाव 'ग्रेप'. शब्द द्यावा, कागदांची चळत दाखवावी. तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत धावत जातो आणि तो शब्द असलेल्या ओळी तेवढ्या समोर ठेवतो. हे सारे संगणकाच्या त्या काळ्या खिडकीत चालते, जिथे चित्रे नाहीत, बटणे नाहीत, नुसती आज्ञा टंकायची. आजच्या मुलांना ती खिडकी जुनाट वाटते. पण ज्याला आपली पत्रे दुसऱ्याच्या दुकानात न ठेवता आपल्या घरी ठेवायची आहेत, त्याला तिच्याइतका प्रामाणिक नोकर नाही; सांगाल तेवढे करील, मधेच जाहिरात दाखवणार नाही.

ग्रेपचा दोष एवढाच, की तो दर वेळी नव्याने धावतो. आज 'चाकण' विचारा, सारी चळत धुंडाळील. उद्या 'गिअर' विचारा, पुन्हा पहिल्या पानापासून. स्मरण म्हणून नाही.

आम्हा मास्तर लोकांना हा भेद हजेरीपटावरून चटकन समजतो. पट लावलेला असतो मुलांच्या नावांनी. 'गणपत जुलैत किती दिवस आला?' याचे उत्तर एका ओळीत मिळते. पण 'आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी कोण कोण गैरहजर होते?' असे तपासनीसांनी विचारले, की बोट वरून खाली साऱ्या ओळींवरून फिरवावे लागते. हा प्रश्न रोजच येणार असेल, तर शहाणा मास्तर पट उलटा मांडून ठेवील: आधी तारीख, आणि तिच्यापुढे त्या दिवशीच्या गैरहजरांची नावे. पत्रांची सूची म्हणजे हाच उलटा पट. एका बाजूला शब्द, समोर तो शब्द ज्यांत आला त्या पत्रांचे क्रमांक. 'चाकण' पुढे ३, १७, ४०, २१२ आहेत आणि 'गिअर' पुढे १७, ९८, २१२ आहेत, तर दोन्ही शब्द असलेली पत्रे १७ आणि २१२. एकही पत्र उघडावे लागले नाही.

हे काम हातांनी करून पाहिलेली माणसे पुण्यातच आहेत. डेक्कन कॉलेजात १९४८ साली डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांच्या पुढाकाराने संस्कृतच्या महाकोशाचे काम सुरू झाले. सुमारे दीड हजार ग्रंथ वाचून, शब्द उतरवून, प्रत्येकाची चिठ्ठी करून, त्या चिठ्ठ्या अकारविल्हे खणांत लावल्या. त्यांची संख्या कोटीच्या घरात गेली. चिठ्ठीवर शब्द, ग्रंथ, स्थळ. पंडितांच्या पिढ्या त्या खणांपाशी म्हाताऱ्या झाल्या. पहिला खंड निघायला १९७० नंतरची वर्षे उजाडली, आणि खंडांवर खंड निघूनही कितीतरी काळ 'अ' हे अक्षर संपेना. लोक याची थट्टा करतात. मला ती करवत नाही. संगणक आज पत्राची सूची डोळ्याचे पाते लवते न लवते तोच करतो, पण करतो तो तीच चिठ्ठी, तोच खण.

त्या काळ्या खिडकीतल्या सूचीकारांपैकी 'नॉटमच' हा मला विशेष आवडतो. 'नॉटमच' म्हणजे फारसे काही नाही. कार्ल वर्थ यांनी २००९ मध्ये तो लिहिला. त्याच्या पोटातले सूचीचे यंत्र 'झेपियन' नावाचे आहे, आणि त्याचे मूळ केंब्रिजच्या मार्टिन पोर्टर यांच्या कामापर्यंत जाते. आवडायचे कारण हे, की तो पत्रांना हात लावीत नाही. पत्र जिथे आहे तिथेच, जसे आहे तसेच. हा बाजूला बसून आपली वही तेवढी लिहितो. त्या वहीत आपण खुणाही घालू शकतो: हे 'वाद', हे 'हिशेब', हे 'जपून ठेव'. एक पत्र एकाच वेळी तिन्ही खुणांत असू शकते. रुमालात हे जमत नसे. कागद एक, तर रुमाल एकच. मग पाठवणाऱ्याचे नाव, दोन तारखा आणि एक-दोन शब्द टंकले, की लाखातून दहा-बारा पत्रे पुढ्यात येतात. वही फाटली तर पत्रांवरून पुन्हा लिहिता येते. पत्रेच गेली, तर वही काय कामाची?

मात्र पत्र मराठीत असले, की या कारागिराचीही परीक्षा लागते. मेलच्या तारा मुळात इंग्रजी अक्षरांपुरत्या ओढलेल्या. म्हणून १९९२ पासून एक तोड रूढ झाली, की इतर लिपींतला मजकूर रोमन अक्षरांच्या वेषात बांधून पाठवायचा आणि पलीकडे सोडायचा. जणू खलित्यात घातलेले पत्र. अशा बांधलेल्या पत्रांच्या चळतीवर ग्रेपला 'चाकण' शोधायला सांगितले, तर तो सांगतो, नाही. पत्र चाकणचेच असते. हा बिचारा थैलीवरून हात फिरवून परत येतो. नॉटमच थैली सोडून मग वाचतो. पण सुरुवातीच्या वर्षांतली पुष्कळ मराठी पत्रे ज्या त्या कंपनीच्या अक्षरसाच्यात टंकलेली आहेत. तो साचा आज संगणकावर नसेल, तर समोर येतात ती नुसती चिन्हे. पंचवीस वर्षांची मोडीच म्हणा! काहींनी हे दुखणे टाळण्यासाठी मराठी रोमन अक्षरांत लिहिले, आणि 'चाकण'मधला ण प्रत्येकाने आपल्या मर्जीने काढला.

व्याकरणही आडवे येते. 'चाकणला', 'चाकणच्या', 'चाकणहून' ही रूपे 'चाकण' पुढे तारा लावून विचारले तर सापडतात. पण 'सोलापूर' असे विचारले, तर 'सोलापुरात' हाती लागत नाही. विभक्ती लागली की पू चा पु होतो, आणि यंत्राला ऱ्हस्वदीर्घाची माया नाही. याहून सूक्ष्म खोडी 'दुसऱ्या', 'शेतकऱ्यांनी' अशा शब्दांतली. त्यातला अर्धा र संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. दिसायला दोन्ही सारखेच, यंत्राच्या लेखी मात्र दोन निराळे शब्द. डोळ्यांना न दिसणारी शुद्धलेखनाची चूक! इतकी वर्षे वह्या तपासून असली चूक मी पाहिली नव्हती.

एवढा मोठा मेलचा ढीग कोणी खरोखर उघडून पाहिला आहे काय? पाहिला आहे; आणि जगात सर्वांत अधिक चाळला गेलेला जो ढीग, त्यात आपले कोकण आहे.

एन्रॉनची हकीकत वडीलधाऱ्यांना आठवत असेल. डिसेंबर १९९३ मध्ये राज्य वीज मंडळाने तिच्या दाभोळ कंपनीशी वीजखरेदीचा करार केला. १९९५ मध्ये नव्या सरकारने तो रद्द केला, आणि वर्ष उलटायच्या सुमारास वाटाघाटी होऊन तो पुन्हा उभा राहिला. मे १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला. वीज महाग, बिले थकलेली. माधव गोडबोले यांच्या समितीने एप्रिल २००१ मध्ये करारावर कडक अहवाल दिला, मे अखेर मंडळाने वीज घेणे थांबवले, आणि २ डिसेंबर २००१ रोजी खुद्द एन्रॉननेच दिवाळे जाहीर केले. पुढे अमेरिकेच्या ऊर्जा नियामक आयोगाने कॅलिफोर्नियातल्या वीजबाजाराची चौकशी करताना तिच्या सुमारे १५० कर्मचाऱ्यांच्या, बहुतेक वरिष्ठांच्या, टपालपेट्या ताब्यात घेतल्या आणि मार्च २००३ मध्ये त्या सार्वजनिक केल्या. कार्नेगी मेलन विद्यापीठाने पुढे प्रसिद्ध केलेल्या प्रतीत पाच लाखांवर पत्रे आहेत. चिंचवडच्या एखाद्या खोलीत बसून कोणीही ती उतरवून घेऊ शकतो, आणि काळ्या खिडकीत दाभोळचे नाव रोमन अक्षरांत टंकू शकतो.

पत्रे येतात. २००१ च्या उन्हाळ्यातली 'एन्रॉन इंडिया न्यूजडेस्क' या मथळ्याची पत्रे येतात, त्यांत आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतली कात्रणे. आपण त्या सकाळी चहाबरोबर जे वाचले, ते ह्यूस्टनच्या साहेबांच्या पेटीत जपून राहिलेले. काही पत्रांवर तारीख आहे ३१ डिसेंबर १९७९ची, आणि एन्रॉन तर जन्माला आली १९८५ मध्ये! यंत्राला तारीख कळली नाही, की ते आपल्या पंचांगाचा आरंभ लिहून मोकळे होते. म्हणजे साल बसवण्याचे सरदेसायांचे काम काही संपलेले नाही. नावाची गोष्टही तीच. प्रकल्प उभा आहे खाडीच्या दक्षिणेला, गुहागर तालुक्यात, अंजनवेल-वेलदूरच्या अंगाला. दाभोळ गाव पलीकडच्या तीरावर, दापोली तालुक्यात. तर पलीकडून येते. पण ह्यूस्टनच्या लेखी सारे दाभोळच. गावाच्या नावाने शोधणारा इथेही चकतो.

या पत्रांत माणसांच्या घरच्या गोष्टीही उघड्या पडल्या, सरकारी ओळखक्रमांकसुद्धा. पुढे काहींच्या विनंतीवरून कित्येक पत्रे काढून टाकावी लागली. पेशवे दप्तरातल्या बायकांची घरगुती पत्रे छापली गेली तेव्हा मध्ये दीडशे-दोनशे वर्षे गेली होती. इथे पुरती दोन वर्षेही गेली नव्हती, आणि लिहिणारी माणसे जिवंत, नोकरी शोधत हिंडणारी. मला हे बरे वाटत नाही. तरीही त्या ढिगामुळेच अभ्यासकांना शब्दांची सूची, पत्रांची साखळी, नको असलेल्या टपालाची पारख यांची यंत्रे खऱ्या पत्रांवर घासून पाहता आली, हेही खरे.

आणि वेलदूर? जून १९९७ मध्ये पहाटेच्या वेळी त्या कोळीवाड्यात पोलीस शिरले आणि प्रकल्पाला विरोध करणाऱ्यांच्या घरांतून बायकांना मारहाण करून पकडून नेले, असे ह्यूमन राइट्स वॉचने जानेवारी १९९९ च्या अहवालात नोंदवले आहे. त्या दीडशे टपालपेट्यांत वेलदूरच्या कोणाची पेटी नाही. त्या बायकांनी काय सांगितले ते त्या अहवालात आहे, समोर बसून विचारलेले आणि हातांनी उतरवून घेतलेले.